नमुना दिला, पुढे काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एचआयव्ही लसचाचण्यांवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. स्वयंसेवक रक्त देतात, पण वीर्य, योनीस्राव असे नमुने मागितले की मागे सरतात आणि याचे कारण अज्ञान, असा त्याचा एकूण सूर होता. मागे सरतात हे खरे. अज्ञान हा शब्द मात्र टोचला. पिंपरी-चिंचवड परिसरातल्या एका रुग्णालयात मी १९ वर्षे एचआयव्ही समुपदेशक होते. मागे सरणाऱ्यांचे प्रश्न ऐकले की अज्ञान नेमके कोणत्या बाजूला आहे, असा विचार मनात येई.

फेब्रुवारी २००५ मध्ये भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणी सुरू झाली. ३० निरोगी स्त्रीपुरुष तीत होते. माझा त्या चाचणीशी संबंध नव्हता, पण वर्तमानपत्रांत बातम्या आल्यावर आमच्या तपासणी-समुपदेशन केंद्रात येणारी माणसे हमखास त्याबद्दल विचारत. "लसीतूनच एड्स झाला तर?" हा पहिला प्रश्न. लसीत अख्खा विषाणू नाही, त्याच्या काही जनुकांच्या प्रती दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूवर लादून आत सोडल्या आहेत, हे समजावले की तो मिटायचा. त्याला अर्धा तास पुरे. नमुन्यांच्या प्रश्नांना अर्धा तास कधीच पुरला नाही.

एक रिक्षावाले काका आठवतात. गणपतीतल्या रक्तदान शिबिरात न चुकता बाटली देणारे. रक्ताचे त्यांना काहीच वाटत नसे. वीर्याचा नमुना म्हटल्यावर गप्प झाले. आपल्याकडे 'धातू जाणे' ही तक्रार घेऊन किती पुरुष डॉक्टरांकडे जातात, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. अन्नापासून रस, रसापासून रक्त, असे करत शेवटी शुक्र म्हणजे वीर्य, हा क्रम त्यांनी घरात ऐकलेला असतो. रक्त पुन्हा भरून येते, हे त्यांना पटते. वीर्याबद्दल खात्री नसते. बरे, खोलीत एकटे बसून डबी भरून द्यायची आणि ती हातात धरून बाहेर मुलगी बसलेल्या टेबलाशी न्यायची. यात शिक्षण कुठे आले? एमएस्सी झालेला माणूसही तिथे घामाघूम होईल.

पण काकांचा खरा प्रश्न वेगळाच होता. "मॅडम, डबीवर माझं नाव असेल?" मी सांगितले, नाव नसते, नंबर असतो. ते म्हणाले, "नंबर कुणाचा ते कुठल्या तरी वहीत असेलच की. ती वही कुणाकडे?" इतका नेमका प्रश्न मी प्रशिक्षणातही ऐकला नव्हता.

बायकांचे आणखी वेगळे. योनीमार्गातला स्राव घ्यायचा तर पाळीच्या तारखा जुळवाव्या लागतात, त्याआधी दोनतीन दिवस संबंध टाळा म्हणून सांगितले जाते. एकीने विचारले होते, "रक्त कितीही काढा. पण नवऱ्याला तीन दिवस नाही म्हणायचं, तर कारण काय सांगू?" घरी लसचाचणीचे सांगितलेलेच नव्हते. अविवाहित मुलींना तर तपासणीचे नुसते नाव काढले तरी आईचा चेहरा दिसू लागतो. संमतीपत्रावर सही तिची एकटीची असते. नमुना देताना मात्र नवरा, सासू, आई अशी सगळी मंडळी त्या खोलीत हजर असतात.

आता संशोधक हे नमुने मागतात ते हौसेने नव्हे, हेही लिहिले पाहिजे. हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात शरीरसंबंधातून शिरतो, म्हणजे आतल्या ओलसर नाजूक त्वचेतून. लसीने रक्तात प्रतिपिंडे (विषाणूला अडवणारी शरीराची प्रथिने) तयार झाली, पण दारावर कुणी पहारेकरी आहे की नाही, हे रक्त पूर्णपणे सांगू शकत नाही. थायलंडमधली आरव्ही १४४ ही चाचणी याचे चांगले उदाहरण. १६,००० हून अधिक स्वयंसेवक, २००९ मध्ये निकाल, संसर्गाचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी. फार नाही, पण त्याआधी कोणत्याच लसीने तेवढेही करून दाखवले नव्हते. मग साठवलेले रक्त पुन्हा बाहेर काढून तपासले आणि २०१२ मध्ये एक धागा हाती आला: विषाणूच्या आवरणातल्या व्ही१व्ही२ या भागाविरुद्धची प्रतिपिंडे ज्यांच्यात जास्त, त्यांना संसर्ग कमी. स्रावांचे नमुने मात्र त्या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यामुळे दारावर काय घडले, हा प्रश्न अर्धवटच राहिला आणि पुढे काही जणांना पुन्हा लस टोचून त्यासाठी वेगळे अभ्यास करावे लागले. दक्षिण आफ्रिकेतली ५,४०७ स्वयंसेवकांची चाचणी फेब्रुवारी २०२० मध्ये थांबवली, कारण लस उपयोगी पडत नव्हती. अशा वेळी हातात उरतात ते फक्त गोठवून ठेवलेले नमुने.

हे सगळे मी लोकांना सांगत असे आणि ते त्यांना पटतही असे. तरी 'नाही' यायचेच, आणि बहुतेक वेळा त्यामागे एकच गोष्ट असायची. नमुना एकदा गेला की कुणी मागे येऊन सांगत नाही. आमच्याच रुग्णालयात एकदा कुठल्याशा अभ्यासासाठी लाळेचे नमुने घेतले होते. त्यातल्या एका बाई पुढची दोनतीन वर्षे, तारखेला आल्या की विचारायच्या, "माझ्या थुंकीचं काय झालं हो?" मी वर विचारले, कुणालाच ठाऊक नव्हते. एव्हाना अभ्यास करणारे पुढच्या नोकरीवर गेले होते. नंतर कधीतरी रक्ताचा नमुना मागितला, तेव्हा त्या बाईंनी साफ नकार दिला. त्यांना अज्ञानी म्हणायची माझी तरी छाती नाही.

कागदावर आपल्याकडे बरेच काही आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय ना चाचणी करता येते, ना संशोधन. नमुना साठवून पुढे दुसऱ्या कामासाठी वापरायचा तर त्याचीही संमती हवी, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची त्याच वर्षीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. प्रत्यक्षात मात्र मी पाहिलेली मराठी संमतीपत्रे अशी की 'श्लेष्मल स्राव संकलन' वाचून मीच दोनदा अडखळले. प्रत्येक नमुन्यासाठी वेगळा होकार-नकार घ्या, एकाला नाही म्हटले तरी बाकी चाचणीत राहता येईल हे पहिल्याच पानावर लिहा, बायकांना स्वतःच्या हाताने नमुना घेण्याची मुभा शक्य तिथे द्या. आणि वर्षातून एकदा एक कागद घरी न पाठवता (पोस्टमन आणि शेजारी दोघेही वाचतात) केंद्रात बोलावून द्या: तुमच्या नळ्या इथे आहेत, त्यातून एवढे कळले, किंवा अजून काहीच कळले नाही. 'काहीच कळले नाही' हेसुद्धा लोकांना चालते, हा माझा अनुभव आहे.

लेखात आणखी एक गोष्ट सुटली होती. लसीने प्रतिपिंडे तयार झाली की साध्या एचआयव्ही तपासणीत निरोगी माणूसही 'पॉझिटिव्ह' दिसू शकतो. खरा संसर्ग नाही, हे दाखवायला विषाणूच्या जनुकद्रव्याची वेगळी तपासणी करावी लागते. नोकरी, विमा, परदेशाचा व्हिसा, लग्नाआधीची तपासणी यांतल्या कुठल्याही टेबलावर हे समजावत बसायला किती जण तयार होतील? अशा स्वयंसेवकांना रक्तदानही करू नका असे सांगितले जाते.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ पुढे एका लसचाचणीत गेले. ओळख पटेल असे सगळे गाळून, त्यांना विचारून लिहिते आहे. मागितले ते सगळे नमुने त्यांनी दिले, कुरकुर केली नाही. मंडळाच्या रक्तदान शिबिराला ते अजूनही जातात. आता नावे लिहायच्या टेबलावर बसतात, रक्त देऊन उठणाऱ्यांना कॉफी-बिस्किटे देतात. तुम्ही का नाही देत, असे कुणी विचारलेच तर सांगतात, "बीपी आहे."

आपली,
एक निवृत्त समुपदेशक, चिंचवड