गुरुवारच्या शास्त्राभ्यासाची आठवण

जय ख्रिस्त! गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला विश्रामबागेत, नेहमीच्याच घरी. बायबलच्या नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र 5:11 ते 14 घरून वाचून या. दूध (विश्वासाची प्राथमिक शिकवण) आणि जड अन्न (पुढची, खोल शिकवण) यांचा भाग. एव्हाना शिक्षक व्हायला हवं होतं अन् अजून मुळाक्षरंच गिरवताय, असं लेखक सुनावतो. (मला तर आपल्यालाच लिहिल्यासारखं वाटलं.) चौदाव्या वचनात प्रौढांची खूण आहे: सरावाने बरंवाईट ओळखता येणं. मंडळीत (चर्चमध्ये) किती वर्षं झाली, याचा तिथे हिशेब नाही.

म्हणून प्रत्येकाने या आठवड्यातला एक खरा प्रसंग आणावा. भावकीत बांधावरून वाजलं तेव्हा काय बोललो, कुठे जीभ आवरली, असा. मागच्या खेपेला चहात चर्चा बुडाली; यंदा चहा शेवटी.