कला शाखा ही उरल्यासुरल्यांची सोय नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की सीताबर्डीपासून नंदनवनपर्यंत ‘हमखास नोकरी’चे फलक झळकतात आणि घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, “बी.ए. करून काय करशीन बे?” कला महाविद्यालयं बंद करा, तिथे कौशल्य केंद्रं काढा, असंही लोक आता उघड बोलतात. मी पाणीपुरवठ्याच्या कामात उमेदीची वर्षं घालवलेला निवृत्त अभियंता. मला हे मुळीच पटत नाही.

पालकांची काळजी खरी आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता कोणासाठी थांबत नाही, आणि पोटापाण्याचं शिक्षण हवंच. पण नुसत्या त्या शिक्षणाने पोटापाण्याचं कामसुद्धा नीट होत नाही, हे मी नोकरीत पाहिलंय. एका वस्तीत सार्वजनिक नळ बसवला. नकाशाप्रमाणे जागा अचूक, पाइप कमीत कमी, दाबही चांगला. बायका मात्र तिकडे फिरकेनात, लांबच्या विहिरीवरच जात. कार्यालयात सगळे म्हणाले, लोकांना किंमत नाही. समाजशास्त्र शिकलेली एक सहकारी त्या बायकांमध्ये जाऊन बसली, तेव्हा कळलं की नळाशेजारी दारूचं दुकान आहे. नळ हलवला आणि रांग लागली. आमच्यापैकी कोणालाही विचारायला जावं असं सुचलं नव्हतं, कारण तसं आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं.

दीक्षाभूमीच्या शहरात हे सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं. बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्रही शिकले. जातिसंस्थेवरचा त्यांचा १९१६ चा निबंध मानववंशशास्त्राच्या वर्गासाठीच लिहिलेला होता. पुढे ते बॅरिस्टरही झाले. व्यवसाय आणि व्यापक शिक्षण यांत त्यांना एकाची निवड करावी लागली नाही.

आणि कला शाखेला बाजारात किंमत नाही म्हणावं, तर २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा सरकारला मोडी लिपी वाचणारे जाणकार शोधत फिरावं लागलं. गरज पडली की असे लोक रातोरात तयार होत नाहीत.

खरं दुखणं वेगळंच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्याने दुसऱ्या शाखेचाही विषय घ्यायचा आहे. कल्पना उत्तम. माझी नात वाणिज्य शाखेत आहे, तिला इतिहास हवा होता. महाविद्यालयात इतिहासाला कायम प्राध्यापकच नाही. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधनावरचे सर आले तेव्हा निम्मं सत्र संपलं होतं. त्यांनी नोट्स वाटल्या, परीक्षा झाली, श्रेयांक (क्रेडिट) जमा झाले. अभियांत्रिकीत तर संविधान हा विषय ठेवला, पण तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) आदर्श अभ्यासक्रमातच त्याला श्रेयांक दिले नाहीत. मग मुलं तो कशाला मनावर घेतील?

नागपूर विद्यापीठाने शंभरी पार केली. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. एवढी जुनी परंपरा असलेल्या शहरात कला शाखेचे वर्ग तासिकेवरच्या शिक्षकांच्या भरवशावर चालावेत, हे शोभत नाही. शासनाने मंजूर पदं भरावीत. विद्यापीठाने प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाकडून एक यादी मागवून ती जाहीर करावी: दुसऱ्या शाखेचे कोणते विषय मिळतील, ते कोण शिकवणार आणि तो शिक्षक कायम आहे की तासिकेवरचा.

आपला,
एक निवृत्त अभियंता,
धरमपेठ, नागपूर