लेखकाच्या परिचयातून गळलेली ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील समकालीन मराठी लेखकांच्या जीवनाची आणि कारकिर्दीची ओळख करून देणारी लेखमाला मी नियमाने वाचतो. पुस्तकांची नावे आणि पुरस्कारांची वर्षे यांत सहसा चूक सापडत नाही, हे आधी नमूद करतो. (३१ वर्षे मुद्रितशोधन केल्यामुळे चुका शोधण्याची खोड अजून गेलेली नाही.) माझी तक्रार आहे ती न छापलेल्या मजकुराबद्दल. हा लेखक पोट कशावर भरतो, हे या लेखांतून कधी कळत नाही.

३०० रुपये किमतीच्या कादंबरीची १००० प्रतींची आवृत्ती निघाली आणि १० टक्के मानधन ठरले, तर लेखकाच्या हाती ३० हजार रुपये येतात. आवृत्ती संपायला तीन वर्षे लागली, तर महिन्याला साडेआठशेही पडत नाहीत. साहित्य अकादमी पुरस्काराची रक्कम १ लाख रुपये आहे, पण तो कितीजणांच्या वाट्याला येणार? मग गेल्या पाच-सहा दशकांतली मराठी कादंबरी कुणाच्या पगारावर लिहिली गेली?

बरीचशी मास्तरांच्या. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक, तर श्याम मनोहर आणि रंगनाथ पठारे हे दोघेही भौतिकशास्त्र शिकवणारे. ‘बारोमास’साठी २००४ चा अकादमी पुरस्कार मिळवणारे सदानंद देशमुख आणि २०२२ चे मानकरी प्रवीण बांदेकर हेही अध्यापनातलेच. सनदी सेवेतले विश्वास पाटील किंवा पत्रकारितेतले आसाराम लोमटे यांची वाट वेगळी असली, तरी महिन्याच्या महिन्याला येणारा पगार तिथेही होताच. मास्तरकीच्या नोकरीने लेखकाला उन्हाळ्याची सुट्टी दिली, वेतन आयोग दिला. आणि माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याला पुण्या-मुंबईबाहेर राहू दिले. संगमनेर, बुलढाणा, सावंतवाडी येथे राहून लिहिता आले, ते तिथल्या महाविद्यालयांमुळे.

एक प्रसंग सांगतो. मराठवाड्यातल्या एका शाळेत शिकवणारे एक कादंबरीकार मुद्रिते तपासायला रात्रीच्या एसटीने पुण्याला येत, रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या आमच्या कचेरीत बसत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात, कारण सोमवारी पहिला तास त्यांचाच असे. त्यांच्या कापडी पिशवीत वर आमची मुद्रिते आणि खाली सहामाहीच्या न तपासलेल्या उत्तरपत्रिका असत. एकदा ‘स्त्रीलिंगी’ हा शब्द त्यांनी दोन्ही गठ्ठ्यांत लागोपाठ दुरुस्त केलेला मी पाहिला. पुस्तक छापायला गेले तेव्हा मलपृष्ठावरचा परिचय दोन ओळींनी जास्त भरला. काय गाळायचे ते मीच ठरवले, आणि नोकरीची ओळ काटली, पुरस्कार ठेवले. त्यांनी हरकत घेतली नाही, हेच आज मला अधिक बोचते.

ही ओळ आता छापणे अगत्याचे झाले आहे, कारण तो पगारच आटत चालला आहे. राज्यातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि त्यांवर तासिका तत्त्वावर माणसे नेमली जातात. शिकवलेल्या तासांपुरतेच पैसे, तेही अनेकदा कित्येक महिन्यांनी. सुट्टीचा पगार नाहीच. म्हणजे जे दोन महिने आधीच्या पिढीने कादंबरीचा खर्डा पुरा करायला वापरले, तेच नव्या लेखकाचे सर्वांत ओढगस्तीचे दिवस ठरतात. गेल्या काही वर्षांत डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सवाला होणारी गर्दी पाहून मलाही आनंद होतो. पण त्या गर्दीत एखाद्या दालनाशी उभा असलेला तिशीतला लेखक अकरा महिन्यांच्या करारावर आहे की शिकवण्या घेतो, हे आपल्या वार्ताहराने विचारलेले मी अद्याप वाचलेले नाही.

लेखकांना हे सांगणे कमीपणाचे वाटेल, असा आक्षेप येईल. काहींना वाटेलही, आणि त्यांना न सांगण्याची मुभा असावी. परंतु निदान विचारले जावे: पहिले पुस्तक लिहिताना आपण कोणती नोकरी करत होता, लिहायला कोणती वेळ मिळत होती आणि आता मिळते का? चौकटीत जन्मसाल आणि पुरस्कार असतातच. त्यांखाली या उत्तरांपुरत्या चार ओळी बसतील. जागा कमी पडल्यास पुरस्कारांच्या यादीतून दोन नावे काटावीत.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
सदाशिव पेठ, पुणे