बाळाच्या सर्दीला आधी मिठाचे पाणी

महोदय,

थंडीचे दिवस आले की औषधांच्या दुकानात उभे राहिले तरी दहा मिनिटांत एक वाक्य कानावर पडते : "बाळाचं नाक वाहतंय, सर्दीची एखादी बाटली द्या." सातारा जिल्ह्यातील उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून मी तीस वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतरही गल्लीतल्या लेकी-सुना बाळ घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मागच्या महिन्यात शेजारची सून पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे नाक चोंदले होते, ती दोन घोट दूध ओढायची, दम कोंडला की स्तन सोडून रडायची, पुन्हा तोंड लावायची. घरच्यांनी आणलेल्या थेंबांच्या बाटलीतून तिला दोन वेळा औषध पाजून झाले होते. मी चष्मा लावून लेबल वाचले. औषध क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन या सर्दीवरच्या दोन औषधांचे मिश्रण होते आणि चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, अशी सूचना मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेली होती. त्या मुलीची आई मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली आहे. तिने ती सूचना वाचावी कशी?

ही सूचना छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. पुढे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे रसायन सापडले. तेव्हा केंद्रीय आरोग्य खात्याने सर्व राज्यांना पुन्हा कळवले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देण्याची गरज नसते. बातमी घरोघरी पोहोचली, आयांच्या मनात भीतीही बसली. पण बाटली द्यायची नाही तर मग करायचे काय, हे त्यांना कुणी हाताला धरून दाखवले नाही. माझे सांगणे एवढ्यापुरतेच आहे.

सर्दी विषाणूंमुळे होते. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक असते आणि ती बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. शेंबूड आधी पाण्यासारखा असतो, मग घट्ट आणि पिवळट-हिरवट होतो. रंग बदलला म्हणजे अँटिबायोटिक हवेच, असे नाही. मोठ्या माणसाचे नाक बंद झाले तर तो तोंडाने श्वास घेतो. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने ते नीट जमत नाही, आणि दूध ओढताना तर तोंड गुंतलेलेच असते. म्हणून आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या सर्दीने बाळाचे पिणे आणि झोपणे दोन्ही बिघडते. मोकळे करायचे असते ते नाक, आणि त्याला मिठाचे पाणी पुरते.

दुकानात सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, नाकात घालायचे थेंब मिळतात, ते सर्वांत सोयीचे. मात्र मोठ्यांच्या चोंदलेल्या नाकासाठी मिळणारे औषधी थेंब बाळाच्या नाकात कधीही घालू नयेत. बाटल्या दिसायला सारख्या असतात, म्हणून मागताना 'फक्त मिठाच्या पाण्याचे, बाळासाठी' असे स्पष्ट म्हणावे. ते मिळाले नाहीत तर एक कप, म्हणजे साधारण २४० मिलिलिटर पाणी खळखळून उकळावे, त्यात चहाच्या छोट्या चमच्याने सपाट पाव चमचा मीठ विरघळवावे, झाकून कोमट होऊ द्यावे आणि उरलेले पाणी संध्याकाळी टाकून दुसऱ्या दिवशी नवे करावे. मीठ अंदाजाने चिमटीने टाकू नये, जास्त झाले तर नाक झोंबते आणि बाळ दुसऱ्यांदा हात लावू देत नाही.

त्या दिवशी मी शेजारच्या सुनेकडून हे सगळे तिच्याच हातांनी करून घेतले. हात साबणाने धुऊन तिने मुलीला मांडीवर उताणे घेतले, मान जरा मागे केली आणि दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडले. मुलगी शिंकली, रडली, आणि त्या रडण्यातच निम्मा शेंबूड पुढे आला. मिनिटभर थांबून तिने धुतलेल्या जुन्या सुती धोतराच्या तुकड्याची मऊ वळी केली, ती नाकपुडीच्या तोंडाशी टेकवली आणि शेंबूड टिपून घेतला. वळी आत खुपसायची नाही, कापूस गुंडाळलेली काडी तर मुळीच वापरायची नाही. शेंबूड ओढून घ्यायचा रबरी फुगा असेल तर तो आधी दाबायचा आणि मगच नाकपुडीशी टेकवून हळूच सोडायचा. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नये, नाहीतर आतले अस्तर सुजते आणि नाक आणखी चोंदते. दूध पाजायच्या दहा-पंधरा मिनिटे आधी हे केले तर बाळ पोटभर पिते. सुनेने मग मुलीला अंगावर घेतले आणि या वेळी मुलीने स्तन सोडला नाही. नाकाखालची लाल झालेली कातडी तिने कोमट पाण्याने टिपून कोरडी केली.

आईचे दूध सर्दीतही चालू ठेवावे, थोडे थोडे आणि अधिक वेळा. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे पाणीही नको. त्यापुढच्या बाळाला भाताची पेज, मुगाच्या डाळीचे कोमट पाणी चालते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातून क्वचित बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

आता घरातल्या वडीलधाऱ्या बायकांशी मला आदरानेच बोलायचे आहे, कारण बाळंतिणीला आणि बाळाला सांभाळण्याची त्यांची माया मी जवळून पाहिली आहे. न्हाऊ घालणाऱ्या बाईने बाळाच्या नाकात तेलाचा थेंब सोडून फुंकर मारणे अजून अनेक घरांत चालते. ते तेल फुप्फुसात उतरले तर तिथे सूज येऊन न्यूमोनिया होतो आणि तो लवकर हटत नाही. कापूर आणि ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा उशाशी बांधतात, छातीला कापराचा बाम चोळतात. कापूर तान्ह्यांना विषारी आहे. पोटात गेला तर झटके येतातच, पण कातडीतून आणि वासातूनही तो अपाय करू शकतो. शेगडीवर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली टाकून धुरी देतात. तो धूर आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला आणखी त्रास देतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यासमोर बाळाला धरून वाफ देताना अंग भाजल्याच्या घटना मी स्वतः पाहिल्या आहेत आणि त्यांचे व्रण आयुष्यभर राहतात. आजींनी बाळाला टोपडे घालावे, मांडीवर घेऊन थोपटावे, खोलीत कुणाला विडी-सिगारेट ओढू देऊ नये. ते मोठे काम आहे.

नाक साफ करायला शिकण्याइतकेच बाळाचा श्वास मोजायला शिकणे महत्त्वाचे आहे, कारण साधी सर्दी कुठे संपते आणि न्यूमोनिया कुठे सुरू होतो ते त्यावरून कळते. बाळ शांत किंवा झोपलेले असताना झबले वर करून पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल, दूध पीत नसेल, सुस्त पडले असेल, ओठ निळे दिसत असतील, झटके आले असतील, तर रात्र असली तरी थांबू नये, १०८ ला फोन करावा. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तरीही लगेच दाखवावे. आणि चालत्या-फिरत्या मुलाची एकच नाकपुडी अनेक दिवस वाहत असेल, तिला घाण वास येत असेल, तर आत शेंगदाणा, चिंचोका किंवा मणी अडकला असण्याची शक्यता असते. तो घरी चिमट्याने काढायला जाऊ नये.

आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि पुढे ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यात. यांपैकी निदान एका भेटीत प्रत्येक आईकडून तिच्याच बाळाचे नाक साफ करून घ्यावे आणि श्वास मोजून घ्यावेत, अशी जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांना माझी कळकळीची विनंती आहे. बाळासाठी कुणी सर्दीचे औषध मागितले तर औषध विक्रेत्यांनी वय विचारावे आणि ते दोन वर्षांखाली असेल तर सलाइन हातात द्यावे. बाटलीवरची वयाची सूचना मराठीत आणि ठळक असावी, यासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानेही पाठपुरावा करावा.

आपल्याकडे माझी एक मागणी आहे. श्वासांचे हे तीन आकडे, ६०, ५० आणि ४०, आपल्या अंकात एका चौकटीत मोठ्या अक्षरांत छापावेत. माझ्या शेजारच्या सुनेने ते वहीच्या कागदावर लिहून पाळण्यामागच्या भिंतीवर चिकटवले आहेत, पण छापील कात्रण अधिक टिकेल.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जिल्हा सातारा