वीस वेळा लिहिण्यापेक्षा अक्षरे हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालच्या जूनपासून पहिलीला इंग्रजी आले, तेव्हा मी मानवत तालुक्यातील एका खेड्यात पहिलीचाच वर्ग सांभाळत होते. आता निवृत्त आहे, तरी संध्याकाळी गल्लीतली चार-सहा मुले ओट्यावर येऊन बसतात. गेल्या आठवड्यात त्यांतील दुसरीची एक मुलगी ‘बॉल’चे स्पेलिंग वीस वेळा लिहून आली. मी वही पाहिली, तर तिने आधी पानभर वरून खाली नुसते बी काढले होते, मग त्यांच्या शेजारी सगळे ए आणि शेवटी एलच्या दोन रांगा. पान भरले होते, पण तो शब्द तिने एकदाही सलग लिहिलेला नव्हता. यात तिची चूक आहे असे मला वाटत नाही.

मी या मुलांना जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली अक्षरकार्डे देते. परवा ‘कॉटन’ या शब्दाची सहा कार्डे मांडली. कापूस आमच्या मुलांच्या घरचाच, आणि हा शब्द त्यांनी कापडाच्या दुकानातही ऐकलेला. या सहा अक्षरांतून आणखी कोणते शब्द निघतात ते शोधा, एवढेच सांगितले. आधी ‘कॉट’ निघाला, मग ‘नॉट’, ‘ऑन’, ‘नो’, ‘टू’. नंतर ज्याचे वडील ऊसतोडीला जातात त्या मुलाने टी, ओ, एन ही तीन कार्डे जुळवली आणि ‘बाई, हा तर टन!’ असे तो ओरडलाच. उसाच्या वजनाचा टन इंग्रजीतला शब्द आहे, हे त्याला त्या दिवशी कळले. तो आता ते विसरणार नाही.

याच खेळात इंग्रजीची खरी अडचणही मुलांच्या हाती लागते. आपल्या लिपीत अक्षराचे नाव आणि उच्चार एकच असतो, त्यामुळे ‘क’ ओळखणारे मूल ‘कमळ’ वाचू शकते; इंग्रजीत मात्र अक्षराचे नाव ‘सी’ आणि ‘कॉट’मधला त्याचा उच्चार ‘क’. म्हणून कार्ड देताना नावाबरोबर उच्चारही सांगावा लागतो. त्यातही स्वरांचा भरवसा नाही. एकच ओ ‘कॉट’मध्ये ऑ होतो, ‘नो’मध्ये ओ, ‘टू’मध्ये ऊ आणि ‘टन’मध्ये चक्क अ. नियम म्हणून हे फळ्यावर सांगितले तर मुले गोंधळतात, पण तेच कार्ड स्वतः उचलून दुसऱ्या शब्दात ठेवले की ती हे सहज मान्य करतात.

मात्र नुसती जुळवाजुळव म्हणजे शब्दसंग्रह नव्हे. जुळलेला शब्द मोठ्याने म्हणायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि तो एखाद्या छोट्या वाक्यात वापरायचा, एवढे झाल्याशिवाय मी पुढच्या शब्दाला हात लावू देत नाही.

ज्या पालकांना घरी कार्डे करायची असतील त्यांनी प्रत्येक अक्षराचे एकेकच कार्ड करू नये. ‘कॉटन’लाच दोन टी आणि दोन ओ लागतात. स्क्रॅबल या खेळाच्या शंभर सोंगट्यांत ई बारा, ए आणि आय प्रत्येकी नऊ, तर क्यू आणि झेड एकेकच असतात. अल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने वर्तमानपत्रातील मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजून हे प्रमाण बसवले होते. आपणही ढोबळमानाने तेच धरावे. अक्षरे लहान लिपीत काढून प्रत्येकाखाली एक रेघ मारावी, नाहीतर कार्ड उलटे धरले की बीचा क्यू आणि एनचा यू होतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांतील माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे, की पहिली-दुसरीच्या इंग्रजीच्या तासातील निदान दहा मिनिटे या कामाला द्यावीत. आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. मुलांच्या पानावर दर आठवड्याला एक इंग्रजी शब्द मोठ्या, सुट्या अक्षरांत छापावा, म्हणजे ती अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवता येतील. ज्या घरात दुसरे काही येत नाही तिथेही वर्तमानपत्राचे पान किराणा बांधून का होईना पोहोचतेच. कापूस वेचणीचे दिवस आहेत, तेव्हा सुरुवात ‘कॉटन’नेच व्हावी.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. मानवत, जि. परभणी