इंजिनाचे दुखणे शोधून देणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

1980 च्या दशकातली स्की बोट (पाण्यावर स्कीइंग करणाऱ्याला ओढणारी मोटरबोट) मी मोठ्या हौसेने घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ती पाण्याच्या मधोमध बंद पडली. थंड इंजिन एका किल्लीत सुरू होई, वीस-पंचवीस मिनिटे उत्तम चाले, मग अडखळत थांबे आणि अर्धा तास विश्रांती मिळाली की पुन्हा निमूट सुरू होई. मी फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर खोलून धुतला, टाकीतले जुने पेट्रोल काढून ताजे भरले, पण दुखणे हटेना. अशा वेळी कसलीही ओळखदेख नसताना आपण दोन संध्याकाळी माझ्यासोबत त्या इंजिनापाशी गुडघे टेकून बसलात, त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे.

कोणत्याही हत्याराला हात लावण्याआधी आपण इंजिनाचे झाकण उघडायला लावलेत, ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार-पाच मिनिटे चालवलात आणि तळाशी पेट्रोलचा वास येत नाही ना, हे स्वतः वाकून पाहिलेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळातच साचून राहते आणि एका ठिणगीने भडका उडू शकतो, हे आपण इतक्या कळकळीने सांगितलेत की मी तो नेम एकदाही चुकवलेला नाही.

इंजिन बंद पडताच मी सवयीने पुन्हा किल्ली फिरवू लागलो, तेव्हा आपण माझा हात थांबवून म्हणालात, “आत्ता बंद आहे तोवरच बघायचं. गार झालं की ते काही सांगणार नाही.” मग कार्ब्युरेटरच्या तोंडावरची ज्वाळा अडवणारी जाळी, म्हणजे फ्लेम अरेस्टर, काढून आपण थ्रॉटलचा दांडा हाताने ढकललात आणि कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलच्या दोन बारीक, सरळ धारा उडाल्या. पेट्रोल पोहोचत होते. ज्या भागावर मी दोन आठवडे खर्ची घातले होते, तो निर्दोष असल्याचे त्या दोन धारांनी क्षणात दाखवून दिले. पेट्रोल पेटवणारी ठिणगी मात्र पडतच नव्हती आणि त्या ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी इग्निशन कॉइल हात ठेववणार नाही इतकी तापली होती.

मी एकटा असतो तर इथेच थांबून नवी कॉइल बसवली असती. आपण मात्र कॉइल का तापली, हे शोधायला बसलात. इंजिन पुन्हा सुरू झाल्यावर कॉइलच्या धन टोकाशी मीटर लावलात, तर तो साडेतेरा व्होल्ट दाखवत होता. पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारी-तोडणारी धातूची टोके) असलेल्या या इग्निशनमध्ये इंजिन सुरू करताना कॉइलला बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज मिळते, पण चालू इंजिनात ते बॅलास्ट रेझिस्टर या व्होल्टेज उतरवणाऱ्या भागातून कमी होऊन साधारण नऊ व्होल्टच राहायला हवे. आधी कोणीतरी तो रेझिस्टर वगळून साधी वायर जोडून ठेवली होती. त्यामुळे कॉइल तापत होती आणि पॉइंटची टोकेही जळून खड्डे पडली होती. त्या वायरवर नवी कॉइलसुद्धा टिकली नसती. रेझिस्टर, कॉइल आणि पॉइंट या तिन्ही गोष्टी आपण एकदमच बदलायला लावल्यात, आणि मोटारीचे सुटे भाग दिसायला सारखे असले तरी बोटीत ठिणगी बाहेर न पडू देणारेच भाग हवेत, असेही बजावलेत.

जाता जाता आपण इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचे झाकणही उघडलेत. पाणी ढकलणाऱ्या रबरी चक्राचे, म्हणजे इंपेलरचे, एक पाते तुटलेले होते. तुटका तुकडा सापडेपर्यंत आपण उठला नाहीत. तो थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या होजमध्ये आडवा अडकला होता.

त्यानंतर बोट कित्येक तास चालली आहे आणि एकदाही बंद पडलेली नाही. काल भर वेगात फेरी मारून आल्यावर मी मुद्दाम कॉइलवर हात ठेवला, तर ती कोमट होती. आपण ठेवून गेलेला मीटर माझ्याकडेच आहे. तो घ्यायला याल त्या दिवशी सुकाणू आपल्या हाती असावे, ही माझी मनापासून विनंती आहे.

आपला ऋणी,
त्या जुन्या बोटीचा नवा मालक