बाबांच्या हाताला आईचं माप

मडगाव

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आईचा हात प्लास्टरमध्ये आहे तोवर स्वयंपाक बाबा करणार, हे ऐकून बरं वाटलं. काळजी एवढीच की आई खुर्चीत बसून सांगणार, "मूठभर घाला," आणि बाबांची मूठ तिच्या दीडपट. फोनवर सांगितलेलं गॅस पेटवेपर्यंत विसरायला होतं, म्हणून लिहून पाठवतोय. बाबा, हा कागद ओट्यासमोर फडताळाच्या दाराला चिकटवा.

चतुर्थीला डिचोलीला आलो होतो तेव्हा मला शिकायचं होतं म्हणून आईची मापं वजनकाट्यावर ठेवून बघितली होती. पहिली तिची ती काठाला पोचा आलेली स्टीलची वाटी. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. १५० ग्रॅम. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा वाटी १५० मिलिलिटरची. कुठलंही भांडं असं मोजता येतं. पाककृतीत 'एक कप' लिहिलेलं असतं तो २४० किंवा २५० मिलिलिटरचा, म्हणजे आपल्या दीड वाटीहून थोडा जास्त. चहाचा कप त्यासाठी घेऊ नका. भाताच्या इलेक्ट्रिक कुकरसोबत आलेला कप तर तिसराच, तो १८० मिलिलिटरचा असतो.

आता महत्त्वाचं. वाटी १५० मिलिलिटरची असली तरी तिच्यात प्रत्येक जिन्नस १५० ग्रॅम बसत नाही. साखर आणि चण्याची डाळ १२५ च्या आसपास, रवा साधारण १०५, तांदळाचं पीठ शंभराच्या आत-बाहेर, तेही हलक्या हाताने भरलं तर. वाटी आपटून भरली की पीठ चांगलंच वाढतं. खवलेलं खोबरं मोकळं भरलं तर जेमतेम ५०, दाबलं की ७० च्या पुढे. आई ते नजरेनेच जाणते. तुम्ही खोबरं वाटीने मोजू नका, अर्धा नारळ, एक नारळ असंच धरा. आणि एका पदार्थाला सुरुवातीला घेतलेली वाटी शेवटपर्यंत तीच ठेवा. ग्रॅम चुकले तरी प्रमाण चुकत नाही.

मणगण्याच्या खिरीसाठी चण्याची डाळ १२५ ग्रॅम, साबुदाणा २५, काळा माडाचा गूळ १५० आणि एका नारळाचं दूध. गूळ मात्र वजन करूनच घ्या. चिरलेला, किसलेला आणि खडा, तिन्हींनी वाटी वेगवेगळी भरते. डाळ बोटाने दाबून मऊ लागली की मगच गूळ घाला, आधी घातला तर ती शिजता शिजत नाही. आईची 'लिंबाएवढी चिंच' भरली २५ ग्रॅम, 'सुपारीएवढा गूळ' १० च्या आत. तिरफळं ती मोजूनच टाकते, तिथे प्रश्न नाही.

मिठाबद्दल सावकाश वाचा, कारण बाबांच्या रक्तदाबासाठी माझा सगळा जीव त्यात अडकला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. बारीक पाकिटातलं मीठ ५ मिलिलिटरच्या चमच्यात सपाट भरलं तर ६ ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे तो एक चमचाच दिवसभराच्या वर जातो. आई वापरते ते मिठागरातलं जाडं मीठ. त्याच्या दाण्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे तोच चमचा कमी वजनाचा भरतो. जाडं संपलं म्हणून दुकानातून बारीक आणलं आणि चमचे तेवढेच घातले, तर आमटी खारट होणारच आणि पोटात मीठही जास्त जाणार. वजन केलं तर दोन्ही सारखी. आईची तीन बोटांची चिमूट काट्यावर उमटतच नव्हती. मग दहा चिमटी एकत्र ठेवून दहाने भागलं, एक साधारण अर्ध्या ग्रॅमची निघाली. बाबा, तुमची बोटं जाड आहेत, तुम्ही दोन बोटांची घ्या. लोणचं-पापडातलं मीठही हिशेबात धरायचं आहे. आई, हे तू बघ. तुझा शब्द ते मोडत नाहीत.

सावंतवाडीच्या आजीच्या वहीत शेर-छटाक आहेत. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. पावशेर २३३ आणि छटाक ५८. भारतात किलो-ग्रॅमचा कायदा १९५६ चा, वही त्याआधीची. बाजारात आज पावशेर म्हटलं की २५० ग्रॅमच मिळतं, पण कुठल्याही आमटीला तेवढ्याने धक्का लागत नाही. मात्र आजीचा शेर पक्का की कच्चा, हे आईलाच विचारा, कारण कच्चा शेर गावोगावी निराळा असायचा.

शेजारच्या काकूंनी बाथची, म्हणजे रव्याच्या केकची, कृती इंग्रजीत लिहून दिली आहे असं आई म्हणाली. रवा एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम, एक औंस म्हणजे २८. ओव्हन ३५० फॅरनहाइट लिहिलंय ना? त्यातून ३२ वजा करा, उरलेल्याला ५ ने गुणा आणि ९ ने भागा. १७७ येतात, आपल्या ओव्हनची कळ १८० वर ठेवा. रवा आणि साखर काट्यावर तोला, कपाने भरू नका.

पुढच्या रविवारी मी येतोय. काट्याचे नवे सेल घेऊन येतो, जुने संपत आले होते. उकड्या तांदळाचं पाणी अजून मोजायचं राहिलंय. ते आईने शेजारी बसून सांगायचं, बाबांनी ओतायचं आणि मी लिहून घेईन. तोवर आईने उजवा हात जराही हलवू नये. बाबा, तुम्ही तिला अर्धा नारळसुद्धा खवू देऊ नका.

तुमचा,
सुहास